परदेशात होस्ट फॅमिलीकडे राहताना आपली माणसं कशी मिळवायची

परदेशात शिकायला गेले तेव्हा होस्ट फॅमिलीकडे, म्हणजे मला ठेवून घेणाऱ्या तिथल्या कुटुंबाकडे, राहायला गेल्यावर पहिले आठ दिवस मी रात्री तहान लागली की बाथरूमच्या नळाचं पाणी प्यायचे. स्वयंपाकघर खालच्या मजल्यावर होतं. रात्री तिथे गेलेलं चालतं का, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. नवव्या दिवशी होस्ट आईच्या ते लक्षात आलं. ती रागावली नाही, पण तिला फार लागलं. "इतके दिवस तू आमच्या घरात चोरून पाणी पीत होतीस," असं म्हणून ती बराच वेळ गप्प बसली.

पुढे काही वर्षं मी अशा विद्यार्थ्यांना पाठवणाऱ्या संस्थेसाठी स्वयंसेवक कोऑर्डिनेटर म्हणून, म्हणजे मुलं आणि कुटुंबं यांच्यातला दुवा म्हणून, काम केलं. मुलांचे रडत आलेले फोन घेतले, कुटुंबांच्याही तक्रारी ऐकल्या. बहुतेक वेळा मुळाशी एक न विचारलेला प्रश्न सापडायचा. मुलगी म्हणायची, "त्यांना मी नकोशी झालेय." कुटुंब म्हणायचं, "तिला आमच्यात यायचंच नाहीये." दोघंही एकमेकांची वाट बघत बसलेले असायचे. संस्था तुम्हाला पत्ता आणि खोली मिळवून देते. त्यापुढचं रोज थोडं थोडं करत जावं लागतं, आणि ते शिकता येतं.

निघण्याआधी: आपण कोणत्या नात्याने चाललोय ते समजून घ्या

"होस्ट फॅमिली" या एका नावाखाली तीन अगदी वेगळ्या व्यवस्था येतात, आणि इथला गोंधळ पुढे वर्षभर त्रास देतो.

पहिली म्हणजे एक्स्चेंज, विद्यार्थ्यांचा विनिमय. एएफएस ही या क्षेत्रातली जुनी संस्था. पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवणाऱ्या स्वयंसेवकांपासून तिची सुरुवात झाली आणि १९४७ पासून ती विद्यार्थ्यांना परदेशी कुटुंबांत राहायला पाठवू लागली. युद्ध पाहिलेल्या माणसांना असं वाटलं की एका ताटात जेवलेले लोक एकमेकांना शत्रू मानणार नाहीत. रोटरीच्या युवा विनिमय कार्यक्रमात तर वर्षभरात एकाहून जास्त कुटुंबांत राहावं लागतं. अशा कार्यक्रमांत कुटुंबं बहुधा पैसे न घेता तुम्हाला ठेवून घेतात. त्यांना घरात एक माणूस हवं असतं, म्हणून तुम्ही दिवसभर खोलीत बसलात तर त्यांचा हिरमोड होतो.

दुसरी पैसे देऊन राहण्याची, म्हणजे होमस्टे. इथे काही कुटुंबं मनापासून जीव लावतात, काहींसाठी तो घरखर्चाचा आधार असतो. दोन्ही प्रकार प्रामाणिक असू शकतात. आपलं कुटुंब कोणत्या प्रकारचं आहे हे महिनाभरात कळतं. दुसऱ्या प्रकारचं निघालं तर मायेची जागा बाहेर शोधायची, कुटुंबावर रुसायचं नाही.

तिसरी ओ पेअर. मुलं सांभाळायची, घरकामात थोडी मदत करायची, बदल्यात राहणं, जेवण आणि हातखर्च. इथे तास लिहून ठेवलेले असतात आणि ते देशागणिक बदलतात. जर्मनीत आठवड्याला ३० तासांची मर्यादा आहे, अमेरिकेत ४५ तासांची. "तू तर घरचीच आहेस" हे वाक्य ओ पेअरला प्रेमानेही म्हटलं जातं आणि जास्तीचं काम काढून घेण्यासाठीही. म्हणून करारातले तास, सुटीचा दिवस आणि रजा निघण्याआधी पाठ असू द्या.

व्यवस्था कोणतीही असो, कुटुंबाला आधी पत्र लिहा. गुण आणि बक्षिसं त्यात नकोत. सकाळी तुम्ही बोलता की गप्प असता, अंधारात झोप लागते का, कुत्र्याची भीती वाटते का, काय खात नाही, कोणती औषधं घेता, कशाने रडू येतं, हे लिहा. ॲलर्जी आणि आजार लपवू नका. आपली जागा जाईल या भीतीने मुलं दमा लपवतात, आणि मग पहिला झटका येतो तेव्हा घरात कोणालाच काय करायचं ते माहीत नसतं.

पहिले तीन दिवस: वही काढा आणि विचारा

हा टप्पा मी सगळ्यात महत्त्वाचा मानते, म्हणून इथे जरा थांबते. पहिल्या तीन दिवसांत कोणताही प्रश्न बावळट ठरत नाही. तोच प्रश्न तिसऱ्या महिन्यात विचारायला संकोच वाटतो, कारण तोवर तुम्हाला ते माहीत असणार असं सगळे धरून चालतात.

पोचल्यावर दुसऱ्या दिवशी, झोप झाली की, होस्ट आई किंवा बाबांना म्हणा, "मला घराची रीत समजून घ्यायची आहे, अर्धा तास बसाल का?" वही घेऊन बसा. भाषा कच्ची असेल तर प्रश्न आधीच त्यांच्या भाषेत लिहून न्या.

मी मुलांना जे प्रश्न लिहून द्यायचे त्यांतले काही असे. तुम्हाला काय म्हणून हाक मारू? नावाने, की आई-बाबा? रात्री भूक किंवा तहान लागली तर स्वयंपाकघरात जाऊन हवं ते घेऊ का? कोणत्या वस्तूंना हात लावू नको? आंघोळ कधी आणि किती वेळ? माझे कपडे कोण धुणार, आणि मी धुवायचे तर यंत्र कसं चालवायचं? खोलीचं दार बंद ठेवलं तर तुम्हाला काय वाटेल? रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहू शकते, आणि उशीर होणार असेल तर कोणाला कळवू? मित्रमैत्रिणींना घरी आणलेलं चालेल का? घराची किल्ली मला मिळेल का? तुमच्या घरात कोणी रागावलं तर ते बोलून दाखवतं, की गप्प होतं?

शेवटचा प्रश्न विचारायला धीर लागतो, तरीही विचारा. काही घरांत आवाज चढतो आणि दहा मिनिटांत सगळं विसरलं जातं. काही घरांत कोणी ओरडत नाही, फक्त शांतता जड होते. ज्या घरात आपण वाढलो तिथली रीत मनात धरून या घरातले चेहरे वाचले की अर्थ चुकतो. माझ्याकडच्या एका मुलाला वाटायचं, होस्ट बाबा रोज आपल्यावर चिडलेले असतात. त्यांचा स्वभावच कमी बोलण्याचा होता. ते रोज न सांगता त्याची सायकल तपासून ठेवायचे, हे त्याला चौथ्या महिन्यात कळलं.

हाक काय मारायची याबद्दल थोडं जास्त. स्वतःच्या आईला सोडून दुसऱ्या बाईला "आई" म्हणायला जीभ रेटत नसेल तर म्हणू नका. नाव घेऊन बोलल्याने माया कमी होत नाही. पण काहीच हाक न मारता नुसतं समोर जाऊन उभं राहणं, हे मात्र टाळा. माणसाला नावच दिलं नाही तर नातं सुरू व्हायला फार वेळ लागतो.

आणि त्या तीन दिवसांत कोऑर्डिनेटरचा नंबर, त्या देशाचा तातडीच्या मदतीचा नंबर आणि आपल्या देशाच्या दूतावासाचा नंबर कागदावरही लिहून ठेवा. फोन हरवतो. युरोपीय संघातल्या सगळ्या देशांत ११२ चालतो, अमेरिकेत ९११, ऑस्ट्रेलियात ०००.

घरातलं एक काम आपलं करा

पाहुण्याचं घरातलं माणूस कधी होतं? माझं उत्तर असं: ज्या दिवशी तो नसल्यामुळे एखादं काम अडतं, त्या दिवशी.

म्हणून दुसऱ्या आठवड्यापर्यंत एक छोटं, रोजचं काम मागून घ्या. भांडी पुसून लावणं, कुत्र्याला संध्याकाळी फिरवून आणणं, कचऱ्याचे डबे ठरलेल्या दिवशी बाहेर ठेवणं, लहान भावंडाला वाचून दाखवणं. काम मोठं नको, नेमाने होणारं हवं. "काही मदत करू का?" असं रोज विचारलं की उत्तर बहुधा "नको, राहू दे" असंच येतं, कारण काम शोधून देणं हेही त्यांच्यासाठी एक काम होतं. त्याऐवजी म्हणा, "आजपासून जेवणानंतर टेबल मी आवरते." पहिल्या दिवशी नको म्हणतील. तिसऱ्या दिवशी तुम्हाला फडकं कुठे असतं ते दाखवतील.

दुसरी गोष्ट, आपल्या खोलीबाहेर बसा. अभ्यास दिवाणखान्यात करा, पुस्तक तिथेच वाचा, फोनवर काही बघायचं तर तेही तिथेच. बोलायची गरज नाही. जवळीक बरीचशी अशा एकत्र घालवलेल्या गप्प वेळातून येते. ज्यांना एकांत लागतो त्यांनी दिवसातला एक तास ठरवून घ्यावा आणि घरच्यांना तसं सांगावं: "शाळेतून आल्यावर मी तासभर एकटी असते, मग खाली येते." सांगितलं की तो एकांत ठरतो, न सांगता दार लावलं की तुटकपणा वाटतो.

घरातल्या लहान मुलांशी आणि आजी-आजोबांशी मैत्री करायला विसरू नका. मोठ्यांना नोकरी असते, घाई असते. लहान मूल एक शब्द दहा वेळा उच्चारून दाखवतं आणि कंटाळत नाही. म्हाताऱ्या माणसांकडे वेळ असतो आणि त्यांना ऐकणारं कोणी हवं असतं. मी भाषा शिकले ती मुख्यतः होस्ट आजीकडून. तिला कमी ऐकू यायचं म्हणून मला प्रत्येक वाक्य मोठ्याने आणि सावकाश बोलावं लागायचं, आणि त्या सावकाशपणात माझी वाक्यं हळूहळू सुधारत गेली.

भाषेचा थकवा

दिवसभर परकी भाषा ऐकून डोकं दुखतं, संध्याकाळी सोपे शब्दही आठवत नाहीत. हे सगळ्यांचं होतं. जेवणाच्या टेबलावर चार माणसं भरभर बोलत असताना हसऱ्या चेहऱ्याने मान डोलवत राहण्यापेक्षा एकाला बाजूला सांगून ठेवा, "मी हरवले की तुमच्याकडे बघेन, तेव्हा मला दोन वाक्यांत सांगा काय चाललंय." आणि काही समजलं नसताना "हो" म्हणू नका. त्या "हो"तून ठरलेल्या वेळा चुकतात आणि माणसं दुखावतात.

घरच्यांशी किती बोलावं?

रोज रात्री दोन तास घरी व्हिडिओ कॉल करणाऱ्या मुलांना मी कधीच रागावले नाही, कारण ती ओढ मला ठाऊक आहे. पण त्या दोन तासांत खाली दिवाणखान्यात कोणीतरी तुमची वाट बघत असतं. सुरुवातीच्या महिन्यात आठवड्याचे एक-दोन वार आणि वेळ ठरवून घ्या, एरवी छोटे निरोप पुरेत. आईवडिलांनाही आधी समजावून सांगा, नाहीतर फोन आला नाही की ते घाबरतात.

दिवस वाईट गेला की लगेच फोन करू नका, तासभर थांबा. तुम्ही रडून मोकळे होता आणि झोपी जाता. तिकडे आई मात्र पुढचे तीन दिवस झोपत नाही. होस्ट फॅमिलीबद्दलचं गाऱ्हाणं घरच्यांकडून फिरून त्यांच्यापर्यंत पोचलं तर त्यांना दुप्पट लागतं. याला एकच अपवाद आहे. भीती वाटत असेल तर क्षणभरही थांबू नका. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

मधल्या महिन्यांतली घसरण

पहिले काही आठवडे सगळं नवं आणि सुंदर दिसतं. मग एक दिवस त्यांच्या घराचा वाससुद्धा सहन होत नाही. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९५४ मध्ये एका भाषणात "कल्चर शॉक"चं जे वर्णन केलं ते असंच आहे: आधी भारावलेपण, मग चीड, मग सावरणं, शेवटी रुळणं. रोजच्या वागण्यातल्या ओळखीच्या खुणा हरवल्या की माणूस असा कासावीस होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. कधी हात मिळवायचा, कधी नको म्हणायचं, कोणतं बोलणं मनावर घ्यायचं, या त्या खुणा. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी फुलब्राइट या अमेरिकी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन अभ्यासकांबद्दल लिहिलं. सहा महिन्यांहून कमी आणि अठरा महिन्यांहून जास्त राहिलेल्यांपेक्षा मधल्या काळातले लोक कमी रुळलेले आढळले.

हा चढउतार सगळ्यांना तंतोतंत लागू पडत नाही. काहींचा पहिलाच आठवडा सर्वात वाईट जातो. तरी मी तो प्रत्येक मुलाला सांगायचे, कारण घसरण आली की "मी चुकीच्या घरात आलोय" असं वाटू लागतं. घर तेच असतं, बदललेलं असतं आपलं मन. अशा वेळी कुटुंब बदलण्याचा निर्णय तीन आठवडे पुढे ढकला. त्या तीन आठवड्यांत झोप, चालणं आणि ठरलेलं काम सोडू नका. होस्ट आईबाबांना स्पष्ट सांगा, "मला घरची आठवण येतेय, तुमचं काही चुकलेलं नाही." हे दुसरं अर्धं वाक्य गाळू नका. ते ऐकलं नाही तर घरातला प्रत्येकजण स्वतःला दोष देत बसतो.

घराबाहेरची माणसं: तास मोजा

सगळा भार होस्ट फॅमिलीवर टाकू नका. एकाच कुटुंबाने आई, मैत्रीण, शिक्षक आणि सोबती सगळंच व्हावं, ही अपेक्षा त्यांनाही झेपत नाही.

मैत्रीला किती वेळ लागतो, याचा अंदाज असलेला बरा. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुकतेच नव्या गावी राहायला गेलेले लोक त्यात होते. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात, पक्का मित्र म्हणायला सुमारे ९० आणि जिवलग म्हणायला २०० हून जास्त, असं त्यांना दिसलं. कामावर किंवा वर्गात शेजारी बसून गेलेले तास त्यात फारसे उपयोगी पडत नाहीत. मोकळ्या वेळातले तास मोजायचे.

आता हिशेब करा. आठवड्याला दोन तासांचा एखादा गट धरला तर ५० तासांना २५ आठवडे लागतात, म्हणजे जवळजवळ सहा महिने. तिसऱ्या आठवड्यात "इथे माझं कोणी नाही" असं वाटणं हा तुमच्यातला दोष नाही, अजून तास भरलेले नाहीत इतकंच. आणि यातून उपायही कळतो. दहा ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा दोनच ठिकाणी दर आठवड्याला जा.

ठिकाण निवडताना मी तीन गोष्टी बघायला सांगते: तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात का, हाताने किंवा अंगाने काही करायचं असतं का, आणि आपण गैरहजर राहिलो तर कोणाच्या लक्षात येईल का. समूहगायन यात छान बसतं, कारण तिथे भाषा कच्ची असली तरी आवाज मिसळतो. खेळाचा संघ, नाटकाच्या पडद्यामागचं काम, वाचनालयातला भाषेचा गप्पागट, प्राण्यांच्या निवाऱ्यात स्वयंसेवा, आपल्या श्रद्धेचं प्रार्थनास्थळ, सामाईक बाग, यांतलं जे जमेल ते घ्या. पहिल्या खेपेला होस्ट भावंडाला सोबत यायची विनंती करा. दाराशी कोणीतरी ओळख करून दिली की पुढचं निम्मं सोपं होतं.

गेल्यावर लवकर पोचा आणि उशिरा निघा. खुर्च्या मांडताना आणि आवरतानाच खरं बोलणं होतं. पुढच्या खेपेला माणसाला त्याच्या नावाने हाक मारता यावी म्हणून घरी येऊन नावं वहीत लिहा.

आपल्या देशातली, आपल्या भाषेतली माणसं त्या गावात असतील तर त्यांना टाळू नका. "आपल्यांत राहिलं तर भाषा शिकणार कशी" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते फार कोरडं वाटतं. आपल्या भाषेत मनमोकळं हसायची एक जागा असली तर बाकीचे सहा दिवस परक्या भाषेत धडपडायला बळ येतं. फक्त तो एकच आधार होऊ देऊ नका, आणि होस्ट फॅमिलीलाही त्या माणसांची एकदा ओळख करून द्या.

जुळत नसेल तर, आणि धोका असेल तर

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांची गल्लत झाली की एकतर चांगली घरं सुटतात, नाहीतर मुलं वाईट घरात अडकून राहतात.

न जुळणं म्हणजे वेळा, सवयी, स्वभाव. त्यासाठी आधी बोला, एका वेळी एकच मुद्दा घेऊन, जेवताना नाही तर वेळ मागून. "तुम्ही नेहमी..." असं सुरू करू नका. "मला शाळेतून आणायला कोणी नसतं तेव्हा काय करू?" असा सुटणारा प्रश्न ठेवा. दोनदा बोलून फरक पडला नाही तर कोऑर्डिनेटरला सांगा. घर बदलणं म्हणजे अपयश नाही. मी अशी मुलं पाहिलीत जी दुसऱ्या घरात फुलली आणि पहिल्या घराशीही ज्यांचे संबंध चांगले राहिले.

धोका म्हणजे मारहाण, नको असलेला स्पर्श, लैंगिक बोलणं, पुरेसं जेवण न देणं, पासपोर्ट काढून घेणं, फोन करू न देणं, "कोणाला सांगितलंस तर तुला परत पाठवतील" अशी धमकी. इथे घरात चर्चा करत बसू नका. आधी सुरक्षित जागी जा: शाळा, शेजार, ओळखीचं घर. मग कोऑर्डिनेटर, शिक्षक, पोलीस किंवा दूतावास, जो आधी मिळेल त्याला सांगा. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. तारीख आणि काय घडलं ते लिहून ठेवा. तुम्हाला ठेवून घेतलं म्हणून हे सहन करण्याइतके उपकार कोणाचेच नसतात.

त्या देशाचे नियम तुमच्या बाजूने असतात, ते माहीत असू द्या. अमेरिकेच्या शालेय एक्स्चेंज कार्यक्रमात घरातल्या अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासावी लागते आणि संस्थेने विद्यार्थ्याशी दर महिन्याला संपर्क ठेवावा लागतो. ब्रिटनमध्ये सोळा वर्षांखालचं मूल जवळच्या नातेवाइकाकडे न राहता २८ दिवस किंवा जास्त काळ दुसऱ्यांकडे राहणार असेल तर स्थानिक प्रशासनाला कळवावं लागतं. कोऑर्डिनेटरचा महिन्याचा फोन आला नाही तर आपणच करा. पासपोर्ट नेहमी तुमच्याच ताब्यात हवा.

निघताना, आणि नंतर

शेवटच्या महिन्यात काही मुलं घरच्यांशी मुद्दाम भांडतात. दूर जाणं सोपं व्हावं म्हणून मन तसं करतं, हे तेव्हा कळत नाही. घरच्यांना आधीच सांगून ठेवलं तर ते समजून घेतात.

निरोपाच्या भेटवस्तूवर पैसे उडवू नका. पत्र लिहा, प्रत्येकाला वेगळं, आणि त्यात एकेक नेमका प्रसंग असू द्या. पहिल्या आठवड्यातली ती वही नीट लिहून काढून कुटुंबाकडे ठेवून गेलात तर त्यांच्याकडे पुढे येणाऱ्याला ती उपयोगी पडेल. माझी वही त्या घरात अजून आहे.

परत गेल्यावर पुन्हा एकदा परकं वाटतं. आपल्याच घरात आपल्या गोष्टी ऐकायला कोणाला वेळ नसतो. तेव्हा होस्ट फॅमिलीला फोन करा, त्यांना त्या गल्ल्या आणि ती माणसं माहीत असतात. सुरुवातीचे दोन महिने दर पंधरा दिवसांनी, पुढे महिन्याने एकदा. सगळ्यांशी एकत्र बोलून झालं की लहान भावंडाला वेगळं मागा. त्याच्या घरातून एक माणूस एकाएकी निघून गेलेलं असतं, आणि मोठ्यांच्या गर्दीत त्याला कोणी बोलू देत नाही.